नारू : पायातून बाहेर, तोंडातून आत



घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल, तर आज जेवायला बसल्यावर 'नारू' हा शब्द सहज काढून पाहा. आजोबांचा घास हातातच राहील. कोणी घोट्याकडे बोट दाखवेल, कोणी 'काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा' म्हणून सांगेल. आणि त्याच पंगतीतली कॉलेजात जाणारी नात विचारेल, 'नारू म्हणजे काय हो आजोबा?' दोन पिढ्यांच्या अंतरात एका रोगाचे नाव घरातून पुसले गेले. आरोग्याच्या सदरात इतकी चांगली बातमी सांगायला क्वचितच मिळते. पण ती आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे एक माकड आहे, काही कुत्री आहेत, परळच्या प्रयोगशाळेतला एक मराठी डॉक्टर आहे आणि घागरीच्या तोंडावर बांधलेले फडके आहे. आज त्यांची गोष्ट.

आपल्या सीमाभागात हा रोग दोन्ही भाषांच्या ओळखीचा. मराठीत नारू, कन्नडात 'नारु हुण्णु'. कन्नडात नारु म्हणजे धागा आणि हुण्णु म्हणजे व्रण. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला 'स्नायुक' म्हटले आहे. तिन्ही नावांत दोरा किंवा शीर दिसते, कारण रोगाचे रूपच तसे. कातडीवर आधी खाज सुटते, मग फोड येतो. फोडाची आग इतकी, की माणूस पाय पाण्यात घातल्याशिवाय राहत नाही. पाण्यात फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. हा मादी जंत. जाडी शेवयाएवढी, एक ते दोन मिलिमीटर, आणि लांबी मात्र ६० ते १०० सेंटिमीटर. दहांतल्या नऊ वेळा तो गुडघ्याच्या खाली निघतो.

ओढून एकदम काढायची सोय नाही. काडीला गुंडाळत रोज दोनचार बोटे बाहेर घ्यायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला तर आतला भाग पिकतो, पाय सुजतो, कधी सांधा आखडतो. या कामाला दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे. माणूस सहसा नारूने मरत नसे, पण अंथरुणाला खिळत असे. तेही नेमके पेरणीच्या तोंडावर. घरातली दोन कर्ती माणसे एकाच वेळी नारूने पडली, तर त्या वर्षीचे शेत पडीक राही. त्वचारोग म्हणून त्याची नोंद होई, पण झळ थेट कणगीला लागे.

आता खरा प्रश्न. हा जंत अंगात शिरतो कुठून?

निघतो पायातून, म्हणून शिरतही पायातूनच असणार, असे लोकांना वाटे. पाण्यात, चिखलात अनवाणी चालताना कातडीतून तो आत जातो, असे कित्येक डॉक्टरही मानत. दुसरा तर्क पिण्याच्या पाण्याचा होता. खरे काय ते नुसत्या निरीक्षणाने ठरत नव्हते, आणि त्याला एक जबर कारण होते. अंगात जंत शिरल्यापासून फोड येईपर्यंत सुमारे १० ते १४ महिने जातात. पटकी झाली तर काल काय प्यायलो, काय खाल्ले हे आठवते. नारूच्या रोग्याला मागच्या वर्षी वैशाखात कोणत्या विहिरीचे पाणी प्यायलास असे विचारून काय उपयोग? मधल्या वर्षात तो लग्नाला, जत्रेला, बाजाराला, माहेरी-पाहुण्यांकडे दहा गावचे पाणी पिऊन आलेला असे. कारण आणि परिणाम यांच्यात वर्षाचे अंतर पडले, की गावाचे शहाणपणही चुकते आणि वैद्याचेही.

हे कोडे सुटायला सुरुवात झाली ती १८७० साली, मध्य आशियात. फेडचेन्को नावाच्या रशियन निसर्ग-अभ्यासकाला दिसले, की नारूची पिल्ले पाण्यातल्या 'सायक्लॉप्स' नावाच्या जीवात शिरतात. सायक्लॉप्स हा कोळंबी-खेकड्याचा दूरचा नातेवाईक, पण जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. साचलेल्या पाण्याचा काचेचा पेला उजेडात धरला, तर उड्या मारणारे पांढरे ठिपके दिसतात ना, त्यांतलाच हा. जंताची पिल्ले त्याच्या पोटात सुमारे दोन आठवडे वाढतात आणि मग माणसाला बाधा करण्याजोगी होतात. पण पुढे काय? तो सायक्लॉप्स माणसाच्या पोटात गेला तर खरेच नारू होतो का?

इथे प्राण्यांवरचा अभ्यास कामी आला. रॉबर्ट लायपर हा लंडनचा जंतशास्त्रज्ञ १९०५ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, नारूच्या अभ्यासासाठी गेला होता. त्याने आधी एक साधी गोष्ट तपासली. पिल्ले असलेले सायक्लॉप्स त्याने सौम्य आम्लात टाकले, आपल्या जठरातल्या रसासारख्या. सायक्लॉप्स मेले आणि आतली पिल्ले मात्र चळवळत बाहेर पडली. म्हणजे आपले जठर शत्रूला मारण्याऐवजी त्याच्या तुरुंगाचे दार उघडून देते! मग त्याने असे सायक्लॉप्स केळ्यात घालून एका माकडाला खाऊ घातले. सुमारे सहा महिन्यांनी त्या माकडाच्या शरीरात नारूच्या माद्या सापडल्या आणि आकाराने फारच लहान असे नरही. या प्रयोगाचे मोल तारखेत आहे. कोणत्या दिवशी काय पोटात गेले, याची वहीत नोंद होती. गावातल्या कोणत्याही रोग्याबद्दल ती मिळणे शक्य नव्हते.

माकडाला झाले म्हणून माणसाला तसेच होते का? ही शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर मुंबईत मिळाले. परळला १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. १९०६ पासून ती बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाई आणि १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथे १९१३ च्या सुमारास डॉ. डी. ए. तर्खड यांनी बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी स्वयंसेवकांना पाजून माणसाला नारू होतो हे दाखवून दिले. लायपरने जे माकडात पाहिले, ते तर्खडांनी माणसात सिद्ध केले. नारू पायातून बाहेर पडतो, पण आत येतो तोंडातून, हे आता पक्के झाले. वैद्यकाच्या परदेशी पुस्तकांत आजही तर्खडांचे नाव या ओळीपुरते येते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत मात्र ते कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा टप्पा आपल्या राज्यातला. १९३० नंतरच्या दशकात तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात चित्रदुर्ग भागात डॉ. व्ही. एन. मूर्ती नारूवर काम करत होते. रॉकफेलर फाउंडेशनचे डब्ल्यू. सी. स्वीट त्यांच्यासोबत होते. त्यांनी कुत्र्यांना बाधित सायक्लॉप्स देऊन पाहिले आणि कुत्र्यांच्या अंगातही माणसाचा नारू वाढला. याच मंडळींनी दुसरी एक गंमतीची गोष्ट आजमावली. विहिरीत लहान मासे सोडायचे आणि त्यांना सायक्लॉप्स खाऊ द्यायचे. कीटकनाशकाचा थेंब न टाकता विहीर साफ राखण्याचा तो मार्ग होता.

मूर्तींच्या कुत्र्यांची ही नोंद नीट लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी तिची गरज पडणार आहे.

एवढे सगळे कळले, म्हणजे औषध निघाले असेल असे वाटते. निघाले नाही. आजही नारूवर औषध नाही आणि लसही नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्यांनी सूज आणि ठणका कमी होई, पण जंत मरत नसे. एकदा झाला म्हणून अंगात प्रतिकारशक्तीही येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा होऊ शकतो. म्हणजे प्रयोगशाळेने आपल्या हाती दिला तो फक्त रस्त्याचा नकाशा. पाय, पाणी, सायक्लॉप्स, तोंड, पुन्हा पाय. पण हा नकाशाच पुरेसा ठरला, कारण त्यात एक नाजूक जागा होती. पाण्यात पडलेली पिल्ले सायक्लॉप्स मिळाला नाही तर काही दिवसांत मरतात. दुजोडी कापडातून सायक्लॉप्स पार होत नाही. साखळीची एक कडी तुटली की सगळा खेळ संपतो.

ती कडी कुठे तोडायची, हे आपल्या भागातल्या कोणालाही विहिरी आठवल्या की कळेल. आपल्याकडे पाणी काढायच्या दोन तऱ्हा. एक आड, वर कठडा आणि कप्पी, दोर सोडून पाणी ओढायचे. दुसरी पायऱ्यांची विहीर, बायका घागरी घेऊन खाली उतरणार, घोटाभर पाण्यात उभ्या राहणार आणि कळशीने पाणी भरणार. आडात कोणाचा पाय पाण्याला लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत पाण्याला रोज शेकडो पाय लागतात. त्यांतल्या एका पायाला फोड असला, तर गार पाण्यात तो फुटे, लाखो पिल्ले पाण्यात उतरत आणि त्याच पाण्याची घागर डोक्यावर घेऊन ती बाई घरी जाई. यात तिचा दोष काही नव्हता. आग होत होती, समोर पाणी होते आणि घरी पाणी न्यायचे होते.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की सायक्लॉप्सची दाटी वाढे. त्या पाण्याचे फळ बरोबर पुढच्या उन्हाळ्यात मिळे. म्हणून वाहत्या नद्यांच्या काठापेक्षा कोरडवाहू गावांत नारू अधिक. आपल्याच जिल्ह्यात खानापूरचा पाऊस वेगळा आणि सौंदत्ती-अथणीकडचे आभाळ वेगळे. निपाणीला वेदगंगा-दूधगंगेचा आधार आहे, पूर्वेला गेलो की जमीन बदलते. उत्तर कर्नाटक आणि मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात ज्यांची पाळेमुळे आहेत, त्यांच्या घरी नारूच्या आठवणी जास्त सापडतील.

आपल्या भागातली आणखी एक रीत इथे सांगायला हवी. निपाणी, चिकोडी, बेळगाव परिसरात शेती करणारा जैन समाज मोठा आहे. त्या घरांत दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. हेतू जीवदयेचा, पाण्यातले सूक्ष्म जीव पोटात जाऊन मरू नयेत हा. इतरही अनेक घरांत घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी भरण्याची पद्धत होतीच. सायक्लॉप्सचे नाव त्यांपैकी कोणी ऐकले नव्हते, पण तो अडकायचा तो याच कापडात.

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्याचे दशक म्हणून जाहीर केले. त्याच काळात, १९८३-८४ साली, भारताची राष्ट्रीय नारू निर्मूलन मोहीम सुरू झाली. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था तिची सूत्रे सांभाळत होती. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रोगी मोजले गेले. सात राज्यांतले ८९ जिल्हे आणि १२,८४० गावे बाधित होती, त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते.

मोहिमेत झगमगाट काहीच नव्हता. आरोग्य कर्मचारी वर्षातून अनेकदा घरोघर जाऊन 'नारूचा माणूस आहे का?' म्हणून विचारत. सापडला तर जखमेला पट्टी बांधायची आणि त्याला पाणवठ्यावर उतरू द्यायचे नाही. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून वर कठडा बांधायचा, नाहीतर गावाला बोअर मारून हापसा द्यायचा. जिथे तेही जमत नाही तिथे पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकायचे, दर लिटरला एक मिलिग्रॅम, सायक्लॉप्स मारण्यापुरते. आणि घरोघर पाणी गाळायची जाळी वाटायची. कागदावर हे सोपे दिसते. पण विहीर बुजवायची किंवा पायऱ्या बंद करायच्या म्हटले की गावात मानापमान येतो, कुळाचार येतो, 'आमच्या पणजोबांनी बांधली' हे येते. ते सगळे समजावत गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई, आरोग्यसेवक आणि बांधकाम खात्याची माणसे यांची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत.

भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर काही वर्षे नजर ठेवून फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. औषध नसताना, लस नसताना एवढ्या मोठ्या देशातून एक रोग गेला.

जगाचा हिशेबही असाच. १९८६ साली जगात दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होई. २०२४ साली साऱ्या जगात मिळून फक्त १५ माणसांना झाला, चाड आणि दक्षिण सुदान या दोन देशांत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने या कामाला दशकेच्या दशके वाहून घेतले. ते स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये गेले. शेवटचा नारू आपल्या आधी संपावा, अशी त्यांची इच्छा होती. ती थोडक्यात राहिली.

का राहिली? इथे मूर्तींची कुत्री परत येतात.

चाडमध्ये दहा वर्षे एकही रोगी नोंदला गेला नव्हता. २०१० साली पुन्हा माणसे सापडली, आणि २०१२ पासून कुत्र्यांच्या पायांतून नारू निघताना दिसू लागला. शास्त्रज्ञांनी माणसातले आणि कुत्र्यांतले जंत ताडून पाहिले, जात एकच निघाली. २०२४ साली माणसे १५, पण बाधित प्राणी ६६४. त्यांत कुत्री सर्वांत जास्त, शिवाय मांजरे, आणि इथिओपियात तर रानातली बबून माकडेही. माणसाला कुत्र्याचा नारू होऊ शकतो का, हे विचारायची वेळ जगावर आली, तेव्हा चित्रदुर्गच्या प्रयोगाला सत्तरहून अधिक वर्षे झाली होती.

मग भारतात कुत्र्यांनी हा रोग का टिकवला नाही? प्रयोगशाळेत एखादी गोष्ट घडू शकते म्हणून गावात ती घडतेच असे नाही. आपल्याकडे रोगाचे चक्र माणूस आणि पायऱ्यांची विहीर यांच्यातच फिरत होते. विहीर बंद झाली, चक्र थांबले. चाडमध्ये नदीकाठी मासेमारी मोठी. मासे साफ करून आतडी तिथेच टाकतात आणि कुत्री ती खातात. अमेरिकेतल्या संशोधकांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की नारूची पिल्ले बेडकांच्या अंगात जिवंत राहतात आणि असे बेडूक खाणाऱ्या प्राण्याला नारू होऊ शकतो. म्हणजे नकाशात एक नवी वाट निघाली, पाण्याऐवजी खाण्यातून जाणारी. आता तिथल्या गावांत माशांची आतडी पुरायला सांगतात, कुत्री बांधून ठेवायला सांगतात, बाधित कुत्र्याची खबर देणाऱ्याला बक्षीस देतात. जगातून नारू संपवण्याची मुदत आता २०३० पर्यंत पुढे गेली आहे. प्राणी बरे झाल्याशिवाय माणसाचा हा रोग संपणार नाही, हे आता सगळ्यांना कळून चुकले आहे.

आपण यातून काय घ्यायचे? चार गोष्टी सांगतो.

पहिली, घाबरायचे कारण नाही. आपल्या देशात नारू उरलेला नाही. गल्लीतल्या कुत्र्याला खरूज झाली, केस गेले, तर ते वेगळे दुखणे आहे, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. फोडातून दोऱ्यासारखे काही निघते असे कोणाला वाटले, तर मोबाइलवर फोटो फिरवत बसण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

दुसरी, बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. आपल्याकडच्या कितीतरी घरांत जवान आहेत, आणि दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय पलटणी जातात. नोकरी-धंद्यानिमित्तही आपली माणसे आफ्रिकेत आहेत. त्यांना एवढेच सांगा, तळ्याचे-डबक्याचे पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका आणि मासे नीट शिजवूनच खा.

तिसरी गोष्ट पायऱ्यांच्या विहिरींची. हल्ली अनेक ठिकाणी तरुण मंडळी जुन्या बारवा उपसून स्वच्छ करत आहेत. फार चांगले काम आहे, मनापासून करा. दिवे लावा, बांधकाम पाहा, मुलांना दाखवा. पण पिण्याचे पाणी त्यात उतरून भरू नका. ज्या विहिरीवर कठडा आला किंवा पायऱ्या बंद झाल्या, तिथे कोणीतरी विचार करून ते केले होते, हेही पोरांना सांगा.

चौथी गोष्ट आजच करता येईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारूबद्दल विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. गाव कोणते, विहीर कोणती, जंत कोण काढायचे, हापसा कोणत्या वर्षी आला. ज्यांच्या पायावर तो व्रण आहे, ती बहुधा शेवटची पिढी. सरकारी कागदांत ४० हजारांचा आकडा आहे, पण त्यातल्या एका माणसाची पेरणी कशी चुकली हे त्या कागदांत नाही. लिहिलेत तर मंडळाकडे जरूर पाठवा, पुढच्या अंकांत या सदरात छापू.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर पाणी गाळून, उकळून प्या आणि तब्येत सांभाळा.